फिस्कार्स : फाळापासून मुठीपर्यंत

दक्षिण फिनलंडमधल्या फिस्कार्स गावातून वाहणारी नदी मोठी नाही. पण भाते आणि घण चालवण्यापुरते पाणी तिच्यात होते, भोवती लोणारी कोळशासाठी दाट जंगल होते, आणि म्हणूनच पीटर थोर्वोस्टे या व्यापाऱ्याने १६४९ साली येथे लोखंडाचा कारखाना उभारला. खनिज मात्र समुद्रापलीकडून, स्टॉकहोमजवळच्या उत्यो बेटावरून, जहाजाने येत असे. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या ताब्यात होता. राणी क्रिस्टिना हिच्या परवान्यानुसार येथे ओतीव आणि घडीव लोखंडाच्या वस्तू करता येत, तोफा मात्र नाहीत. खिळे, तार, सुऱ्या आणि कुदळी अशा वस्तू येथे घडू लागल्या. पुढे तीन शतकांहून अधिक काळ ज्या कारखान्याचा संबंध मातीशी राहिला, त्याच्या पहिल्या मालातच कुदळ असावी, याचे आम्हाला विशेष अप्रूप वाटते.

१८२२ साली कारखाना तुर्कू शहरातील औषधविक्रेते योहान याकोब यूलिन यांच्याकडे आला. कच्चे लोखंड विकण्यापेक्षा धारदार, तयार वस्तू घडवण्याकडे त्यांनी लक्ष वळवले, १८३२ साली सुऱ्या-कात्र्यांचा स्वतंत्र विभाग सुरू केला आणि नांगरांच्या उत्पादनाला चालना दिली. घोड्यांनी ओढायचे दहा लाखांहून अधिक नांगर फिस्कार्सने कालांतराने तयार केले. १९२० साली शेजारचा बिल्नेसचा कारखानाही कंपनीकडे आला.

खरा बदल मात्र मुठीत झाला. शिंप्यांच्या कात्र्या तोवर जड आणि पूर्ण धातूच्या असत. कंपनीचे रचनाकार ओलोफ बॅकस्ट्रॉम यांनी हलकी पोलादी पाती आणि बोटांच्या वळणाला जुळणारी प्लास्टिकची मूठ यांचा मेळ घातला, आणि १९६७ साली ती कात्री बाजारात आली. पहिल्या नमुन्यांच्या वेळी यंत्रात फळांचा रस काढण्याच्या उपकरणासाठी वापरलेले नारिंगी प्लास्टिक उरले होते, त्यामुळे काही मुठी नारिंगी निघाल्या. काळा की नारिंगी, यावर कारखान्यातच मतदान झाले आणि नारिंगी जिंकला. हाताच्या ठेवणीचा हाच विचार पुढे छाटणीच्या कात्र्यांत, फावड्यांत आणि कुऱ्हाडींत उतरला. फांद्या छाटण्याच्या काही लांब दांड्यांच्या कात्र्यांत तर गिअरसारखी दातेरी रचना आहे. तिच्यामुळे जाड फांदीवरही माळ्याला कमी जोर लावावा लागतो. तो नारिंगी रंग २००३ साली फिनलंडमध्ये कंपनीचे व्यापारचिन्ह म्हणून नोंदवला गेला.