शंभराची नोट

नमस्कार श्रोतेहो.

बँकेत रुजू झालो तेव्हा हेड कॅशियरांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. वहीत आकडा चुकला तर ब्लेडनं खरवडायचा नाही, त्यावर गिरवायचंही नाही. एक सरळ रेघ मारायची. चुकलेला आकडा रेघेखालून वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी आपली सही. वहीतल्या चुका मी नोकरीभर अशाच दुरुस्त केल्या. वहीबाहेरच्या मात्र खरवडत आलो. त्यातल्या एकीवर आज मला सही करायची आहे.

१९८९ सालचा जून. पेरणीचे दिवस, रांग पार दारापर्यंत गेलेली. एका आजींनी बियाण्यासाठी बाराशे रुपये काढले होते. स्लिपवर अंगठा, हातात पितळी टोकन. शंभराच्या नोटा मोजताना मागून कुणीतरी हाक मारली. मी मान वळवून उत्तर दिलं आणि नोटा खिडकीतून पुढं सरकवल्या. आजींनी त्या तशाच पदराच्या टोकाला बांधल्या. संध्याकाळी कॅश जुळवताना शंभर रुपये जास्त निघाले.

जास्तीची रक्कम त्याच दिवशी नोंदवायची आणि साहेबांच्या कानावर घालायची, असा नियम होता. मी प्रोबेशनवर होतो. मेमो मिळेल म्हणून घाबरलो. नोटेची घडी घालून ती ड्रॉवरमध्ये, स्पंजच्या जादा डबीखाली ठेवली. उद्या कुणी विचारायला आलं तर देऊ, असं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आजी आल्या. सकाळच्या एसटीनं, पदरचे पैसे मोडून. ‘‘बाळा, काल शंभर कमी भरले रे.’’ नोट माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर होती. समोर रांग, काचेपलीकडं साहेब. मी भिंतीवरच्या पाटीकडं बोट दाखवलं. खिडकी सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत. आजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी पाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ‘‘माझंच चुकलं असंल बाबा,’’ म्हणाल्या आणि गेल्या.

तीन आठवड्यांनी त्या मला आठवडी बाजारात दिसल्या. नोट तेव्हा खिशातच होती, मी ती बरोबर घेऊन फिरत होतो. त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, ‘‘आजी, हिशेबात सापडले हो तुमचे शंभर.’’ त्यांनी ती कपाळाला लावली आणि मटकन खाली बसल्या. ‘‘मी तर सुनंला बोलले रे. घरात दुसरं होतं कोण? पोरगी दोन दिस जेवली न्हाई.’’

त्या क्षणी तरी मी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, ‘‘मिळाले ना, झालं तर.’’ पैसे परत केले, चूक माझ्याकडंच ठेवली.

‘हिशेबात सापडले.’ या दोन शब्दांचा मी पुढं खूप विचार केला. आपल्या भाषेत माणसाला बाजूला उभं राहायला पुष्कळ जागा आहे. घरात कपबशी फुटते, फोडत कुणीच नाही. निरोप सांगायचा राहून जातो. शब्द तोंडातून निघून जातो. फारच झालं तर झालं गेलं गंगेला मिळतं. बिलाच्या तळाशी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ लिहिणारा वाणी मला आवडतो. माणसांनी एकमेकांना सांभाळून घ्यावं, हे त्यात आहे. पण द्यायची-घ्यायची तर आधी ती कुणाची, हे ठरायला नको का? ‘चूक झाली’ म्हणताना जीभ अडखळत नाही. ‘मी केली’ म्हणताना अडखळते.

लहान चुकांतही तेच. मुलगी तिसरीत असताना तिच्या गॅदरिंगला मी पोचलो नाही. घरी सांगितलं, एसटी चुकली. एसटी वेळेवर आली होती. मी मित्रांबरोबर कॅरम खेळत बसलो होतो. गेल्या दिवाळीत तिला खरं सांगितलं. ती बराच वेळ करंज्यांना मुरड घालत राहिली. मग म्हणाली, ‘‘बाबा, मी पडद्याच्या फटीतून बघत होते तुम्ही आलात का.’’

गांधीजींनी आत्मकथेत लिहिलेला प्रसंग पुष्कळांना माहीत असेल. पंधरा वर्षांचे असताना त्यांनी भावाच्या सोन्याच्या कड्याचा तुकडा चोरला होता, भावाचंच पंचवीसेक रुपयांचं कर्ज फेडायला. वडिलांना सांगायची जीभ होईना, म्हणून चिठ्ठी लिहिली. गुन्हा कबूल केला, शिक्षाही मागितली. वडिलांच्या डोळ्यांतल्या पाण्यानं कागद भिजला आणि त्यांनी तो फाडून टाकला, हे सगळे सांगतात. मला मात्र त्याआधीचं आठवत राहतं. चिठ्ठी आजारी वडिलांच्या हातात स्वतः दिली आणि ते ज्या लाकडी फळीवर झोपायचे, तिच्यासमोर मुलगा बसून राहिला. वडील वाचत असताना समोर बसून राहणं! मी तर नोट देऊन बाजाराच्या गर्दीत शिरलो होतो.

आजी आता नाहीत. पुढं बदली झाली, वर्षं गेली, आणि मी त्या गावाला कधी गेलो नाही. पण ते गाव या केंद्राच्या टप्प्यात येतं, आणि सकाळी चुलीपाशी रेडिओ लागतो अशी घरं तिथं अजून असतील.

ताई, तुम्ही ऐकत असाल तर तुमच्यासाठी सांगतो. त्या दिवशी तुम्ही पैसे घेतले नव्हते. बाराच्या ठिकाणी अकरा नोटा मी दिल्या. बारावी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. तुमच्या सासूबाई विचारायला आल्या तेव्हाही ती तिथंच होती, आणि मला ते माहीत होतं. मी चुकलो.

नमस्कार.