कुलूप शाबूत, दारं शाबूत : नोव्हगोरोदच्या चिखलातली पत्रं

मंडळी, सुरुवातीलाच एक घोळ मिटवून टाकू. नोव्हगोरोद नावाची दोन मोठी शहरं रशियात आहेत. व्होल्गाकाठचं निझ्नी नोव्हगोरोद हे कारखान्यांचं शहर. आज आपल्याला जायचंय ते व्होल्खोव्ह नदीवरच्या नोव्हगोरोदला. नावाचा अर्थ नवं नगर, म्हणजे आपलं नवापूरच. फक्त हे नवापूर हजार वर्षांहून जुनं आहे. नावांची गल्लत होऊ नये म्हणून 1999 साली त्याच्या सरकारी नावातच 'वेलिकी', म्हणजे थोर, हा शब्द घालण्यात आला.

पाहण्यासारखं काय, असं कुणी विचारलं की गाइड तटबंदीच्या आत नेतात. तिथं सोफिया कॅथेड्रल आहे, 1045 ते 1050 या काळात बांधलेलं. समोर 1862 साली उभारलेलं 'रशियाची सहस्र वर्षं' हे घंटेच्या आकाराचं स्मारक आहे. मिकेशिन या शिल्पकाराने योजलेल्या या स्मारकावर 128 मूर्ती आहेत आणि इव्हान द टेरिबल या झारची एकही नाही. 1570 मध्ये त्याने हे शहर लुटून कापून काढलं होतं, हे लक्षात घेतलं की कारण विचारायची गरज उरत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने हे स्मारक सुटं करून न्यायला काढलं होतं. जानेवारी 1944 मध्ये शहर सुटलं आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत स्मारक पुन्हा उभंही राहिलं.

आणखी एक संस्था सांगतो, ती आज दिसत नाही. तिचं नाव 'व्हेचे', म्हणजे नगरसभा. 1136 साली नोव्हगोरोदकरांनी आपल्या राजाला हाकलून दिलं आणि पुढे राजा ठेवला तो करारावर. त्याने राहायचं शहराबाहेर, आणि नोव्हगोरोदच्या मुलखात जमीन घ्यायची नाही. कारभार निवडून आलेल्या 'पोसाद्निक'कडे, म्हणजे नगराध्यक्षाकडे. 1478 मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने हे सगळं मोडलं आणि सभेची घंटा उचलून मॉस्कोला नेली. ही तारीख ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता खऱ्या विषयाकडे, म्हणजे चिखलाकडे.

नोव्हगोरोदची जमीन चिकणमातीची. पाणी खाली झिरपत नाही, ते साचून राहतं. त्यामुळे मध्ययुगात तिथल्या रस्त्यांवर लाकडाशिवाय पाऊल टाकणं अवघड होतं. लांबीच्या दिशेने बारीक ओंडके टाकायचे आणि त्यांवर आडवे, अर्धे चिरलेले पाइनचे ओंडके बसवायचे, सपाट बाजू वर. आजूबाजूच्या वाड्यांतलं शेण, लाकडाचे कपटे, राख रस्त्याच्या पातळीला आली की जुना रस्ता न उखडता त्याच्यावरच नवा घालायचा. 'वेलिकाया' नावाच्या रस्त्यावर असे 28 थर सापडले. सर्वांत खालचा 953 सालचा, सर्वांत वरचा 1462 चा. म्हणजे सरासरी दर 19 वर्षांनी नवा रस्ता. कंत्राटदाराने दरवर्षी उखडून केलेला नव्हे, हे आपल्याला मुद्दाम सांगायला हवं.

या ओल्या, दाबलेल्या थरांत हवा शिरत नाही. हवा नाही म्हणून लाकूड कुजवणारे जिवाणू नाहीत. चामड्याचे जोडे, लाकडी चमचे, टोपल्या, सगळं जसंच्या तसं राहतं. काही ठिकाणी हे थर सात-साडेसात मीटर खोल आहेत.

तारखा इतक्या नेमक्या कशा सांगता येतात? झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढतं. वाईट हंगामात ते अरुंद, चांगल्या हंगामात रुंद. एकाच परिसरातल्या सगळ्या पाइनमध्ये ही अरुंद-रुंद वलयांची माळ सारखीच येते. पुरातत्त्वज्ञ बोरिस कोल्चिन यांनी रस्त्यांचे ओंडके एकमेकांशी जुळवून शतकांची अखंड माळ तयार केली. ही माळ कॅलेंडरला बांधायला खुंटी हवी होती. ती मिळाली चर्चच्या पायातल्या लाकडांमुळे, कारण कोणतं चर्च कोणत्या साली बांधलं हे तिथल्या बखरींत नोंदलेलं आहे. यात दोन ठिकाणी फसगत होते. ओंडका तासलेला असेल तर सालीलगतची शेवटची वलयं गेलेली असतात. मग झाड 'अमुक सालानंतर' तोडलं, एवढंच म्हणता येतं. आणि जुन्या घराचं लाकूड रस्त्यात वापरलेलं असेल तर रस्ता आहे त्यापेक्षा जुना वाटतो. म्हणून एका थरातला एकच ओंडका कधी प्रमाण धरत नाहीत.

26 जुलै 1951 रोजी नेरेव्हस्की उत्खननात नीना अकुलोवा या कामगार बाईंना रस्त्याच्या दोन ओंडक्यांच्या फटीत बर्च झाडाच्या सालीची गुंडाळी सापडली. अशा गुंडाळ्या तिथं ढिगाने निघतात. मासे पकडायच्या जाळ्याला तरंगता ठेवायला त्या लावत. या गुंडाळीवर मात्र चिखलाआडून अक्षरं दिसली. उत्खननप्रमुख आर्त्सिखोव्स्की यांना काही क्षण बोलताच येईना, आणि तोंड उघडलं ते शंभर रूबलचं बक्षीस जाहीर करायला. ते पत्र क्रमांक एक. आज एकट्या नोव्हगोरोदची संख्या 1,100 च्या पुढे आहे.

आपल्याला साल म्हटलं की भूर्जपत्र आठवतं, आणि ते बरोबरच आहे. संस्कृत 'भूर्ज' आणि रशियन 'बेरयोझा' हे एकाच मुळाचे शब्द. पण लिहिण्याची तऱ्हा वेगळी. आपली भूर्जपत्रं शाईची, ग्रंथ जपून ठेवण्यासाठीची. नोव्हगोरोदची पत्रं टोकदार लेखणीने ओरखडलेली आणि वाचून फेकून द्यायची. शाईची पत्रं अगदी मोजकी. लेखणी लोखंडाची, काशाची नाहीतर हाडाची. वरचं टोक चपटं, कारण तीच मेणाच्या पाटीवरही चाले आणि चपट्या बाजूने मेणावरचं पुसता येई. 1951 पूर्वी अशा लेखण्या सापडत होत्या, पण लिहिलेली साल सापडेपर्यंत त्या 'उपयोग अज्ञात' अशा चिठ्ठीखाली पडून होत्या.

सापडण्यापासून वाचण्यापर्यंतचा प्रवास असा. खणायचं ते दोन बाय दोन मीटरच्या चौकटींत, एका वेळी 20 सेंटीमीटरचा थर. प्रत्येक वस्तूची चौकट आणि थर लिहून ठेवायचा. साल ओली असतानाच प्रयोगशाळेत न्यायची. उन्हात पडली तर ती आक्रसते आणि तडकते. मग सोडा घातलेल्या गरम पाण्यात भिजवायची, मऊ ब्रशने चिखल काढायचा आणि हलक्या हाताने उलगडायची. नंतर दोन काचांमध्ये दाबून सुकवायची. इथं एक गंमत आहे. लिहीत ते सालीच्या आतल्या, खोडाकडच्या बाजूला, कारण ती मऊ; पण साल गुंडाळते ती बाहेरची पांढरी बाजू आत घेऊन. त्यामुळे मजकूर गुंडाळीच्या बाहेर राहतो. अकुलोवाबाईंना अक्षरं दिसली ती यामुळे.

त्यानंतर फोटो आणि हाताने काढलेला आराखडा. साल आपल्या अंगच्या रेघा घेऊनच येते, शिवाय हजार वर्षांच्या सुरकुत्या. कोणती रेघ माणसाची आणि कोणती झाडाची, हे ठरवण्यात एका अक्षराचं दुसरं होतं. वर शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती. सगळं मोडीसारखं सलग. शब्द कुठे तोडायचा हे वाचणाऱ्याने ठरवायचं.

इथंच पत्र क्रमांक 247 येतं, अकराव्या शतकातलं. त्यातल्या तुकड्यात 'झामके केले, द्वेरी केले' असं काहीसं येतं. आधीच्या अभ्यासकांनी 'केले'चा संबंध 'केल्या'शी, म्हणजे मठातल्या साधूच्या खोलीशी लावला. 'खोलीचं कुलूप, खोलीची दारं'. वाक्य लागत नव्हतं, पण लिहिणारा अडाणी म्हणून सोडून दिलं. 1980 च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ आंद्रेय झालिझ्न्याक या पत्रांकडे वळले. त्यांचा नियम साधा होता: लिहिणारा चुकला असं म्हणण्यापूर्वी आपण चुकलो नाही ना, ते तपासायचं.

'अखंड, शाबूत' याला रशियनमध्ये 'त्सेली' म्हणतात. हा 'त्स' आपल्या 'चोर'मधला च, 'चार'मधला नव्हे. मराठी माणसाला हा फरक समजावायला लागत नाही. हा 'त्स' मुळात 'क' होता, आणि सगळ्या स्लाव भाषांत तो बदलला असं पाठ्यपुस्तकं सांगत होती. झालिझ्न्याक म्हणाले, नोव्हगोरोदमध्ये बदललाच नाही. 'केले' म्हणजे 'त्सेले'. मग अर्थ झाला: 'कुलूप शाबूत आहे, दारं शाबूत आहेत, आणि घरमालकाची तक्रारही नाही.' चाळीस रेझाना, हे त्यांचं नाणं, चोरल्याचा आळ कुणावर तरी आलाय आणि पत्र त्याची बाजू मांडतंय. तर्क आजच्या फौजदाराचा. आणि एका शब्दाने स्लाव भाषांच्या इतिहासातलं एक प्रकरण नव्याने लिहावं लागलं. 'चुकीची' मानलेली काही स्वराक्षरांची अदलाबदलसुद्धा रोजच्या लिखाणाची ठरलेली रीत निघाली. हेच झालिझ्न्याक संस्कृतही जाणत. 1978 च्या संस्कृत-रशियन शब्दकोशाला जोडलेली व्याकरणाची रूपरेषा त्यांची आहे.

पत्रांत माणसं कोण? ओनफिम नावाचा सहा-सात वर्षांचा मुलगा, तेराव्या शतकाच्या मध्यातला. त्याने सालीच्या डब्याच्या बुडावर मुळाक्षरं गिरवली, मग बा-वा-गा-दा, बे-वे-गे-दे अशी त्यांची बाराखडी. कंटाळला तेव्हा पाठीमागे शेपटीवाला प्राणी काढून लिहिलं, 'मी जनावर आहे', आणि चौकटीत 'ओनफिमचा दानिलाला दंडवत'. त्याच्या चित्रांतल्या माणसांच्या हाताला कधी तीन बोटं, कधी जास्त.

दुसरा ओलिसेय ग्रेचिन, बाराव्या शतकाच्या अखेरचा चित्रकार. त्रोइत्स्की उत्खननात त्याचा वाडाच सापडला, रंगद्रव्यांसकट. एका पाद्रीबुवांचं त्याला पत्र आहे: दोन लहान आयकॉनवर, म्हणजे पूजेच्या चित्रफळ्यांवर, सहा पंखांचे दोन देवदूत काढून दे. मोबदल्याचं? 'देव देईल, नाहीतर आपण ठरवू.' शहराबाहेरच्या नेरेदित्सा चर्चमधली 1199 ची भित्तिचित्रं याच्याच हातची असावीत, असा तर्क आहे. ते चर्च 1941 मध्ये तोफांनी पाडलं. आज उभं आहे ते पुन्हा बांधलेलं. चित्रांचा फार थोडा भाग वाचला.

आणि बोरिस. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो बायकोला, नास्तास्याला, लिहितो: पत्र मिळताच घोड्यावरून माणूस पाठव, इथं कामं फार आहेत, आणि सदरा पाठव, सदरा विसरलो. 'माणूस' हा शब्द त्याने 'चेलोवेक' न लिहिता 'त्सोलोवेक' लिहिलाय. आपले दोन्ही च नोव्हगोरोदच्या तोंडी एकच होते. दुसऱ्या एका पत्रात कुणी नास्तास्या आपल्या भावांना कळवते: 'माझा बोरिस आता हयात नाही. माझी आणि मुलांची काळजी घ्या.' बाई तीच असावी असं मानतात.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: ही पत्रं पंधराव्या शतकात एकाएकी का थांबतात? एक कारण कागद. तो स्वस्त झाला, आणि कागद त्या मातीत टिकत नाही. दुसरं कारण सांडपाण्याच्या व्यवस्थेचं. अठराव्या शतकात शहराचं पाणी काढून द्यायला जमिनीत नळ घातले गेले. वरचे थर कोरडे पडले, हवा शिरली आणि त्यांतलं लाकूड, चामडं, साल कुजून गेली. खालचे थर ओलेच राहिले. म्हणून ओनफिमचं जनावर आपल्याला दिसतं. पण 1478 मध्ये घंटा उतरवली जात असताना कुणी कुणाला सालीवर काही कळवलं असेल, तर ते त्या वाळलेल्या थरात होतं.