काळी एक आणि बेसवाल्याचा डावा हात

सोलापुरात एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम, पुढे गणपती, मग लग्नसराई. बेस गिटार वाजवणाऱ्याची सुटका नाही. त्यात गायक माईक हातात घेतला की सांगतो, ‘काळी एक.’ म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’, सी शार्प. गिटारवाल्याचं बरं असतं, कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा, लावला की मोकळा. आपल्या बेसच्या मोकळ्या तारा ई, ए, डी, जी. काळी एकच्या मेजरमध्ये यातला एकही सूर बसत नाही. काळी तीनमध्येही तेच. म्हणजे प्रत्येक सूर दाबूनच काढायचा, डाव्या हाताला उसंत नाही. तासाभरात अंगठ्याच्या मुळाशी कळ येते आणि पोरं म्हणतात, ‘सर, ताकद कमी पडते.’ मला उलटंच दिसतं. ताकद गरजेपेक्षा जास्त लागलेली असते.

आता माझ्या बोटाकडे बघा. तारेवर नुसतं टेकवलंय. उजव्या हाताने वाजवत राहतो. ठक्, ठक्. सूर नाही. किंचित दाबतो, आता तार खरखरतेय. अजून जरासं दाबलं, सूर स्वच्छ लागला. इथेच थांबायचं. यापुढचा सगळा जोर वाया. आता तेच बोट फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपासून मागे, दोन फ्रेटच्या मधोमध घेतो. ऐकलंत? पुन्हा खरखर. तोच सूर काढायला आता जास्त दाबावं लागतंय. म्हणून बोट फ्रेटच्या पाठीला लागूनच हवं, फ्रेटवर चढू न देता.

पण सुरुवातीच्या फ्रेटवर बोटं तिथवर पोचतच नाहीत, आणि यात तुमचा दोष नाही. १९५१ साली फेंडरचा प्रिसिजन बेस आला तेव्हापासून तारेची ३४ इंच लांबी रूढ झाली. या लांबीवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत जवळजवळ १३ सेंटिमीटर भरतात. नवव्यापासून बाराव्यापर्यंत मात्र आठच. तरी क्लासमध्ये सरसकट ‘एका फ्रेटला एक बोट’ शिकवतात. वरच्या भागात ते ठीक आहे. खाली, सुरुवातीच्या फ्रेटवर मात्र डबल बेसवाल्यांची (उभं धरून वाजवायच्या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याच्या वादकांची) रीत धरा, जी फ्रान्झ सिमांडलने १९व्या शतकात आपल्या पद्धतीत मांडली: तर्जनी, मधलं बोट, करंगळी. तीन बोटांत तीनच फ्रेट, अनामिका करंगळीच्या मदतीला. चौथा फ्रेट हवा असेल तर हात सरकवा, अंगठ्यासकट. अंगठा एका जागी चिकटवून बोटं ताणणं म्हणजे मनगटाचं वाटोळं.

काळी एकचा ‘सा’ ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर आहे, तसाच ई तारेच्या नवव्यावरही. आवाज तिथे जाडसर येतो, पण संथ गाण्यात मला तो आवडतो आणि हाताला आराम मिळतो.

राहिली गोष्ट तारा गप्प करण्याची. आपण न वाजवलेल्या मोकळ्या ताराही स्पीकरच्या दणक्याने घुमतात, आणि काळी एकमध्ये त्या घुमल्या की सूर नासतो. म्हणून दाबणाऱ्या बोटामागची मोकळी बोटं ताठ उचलू नका, तारांवर आडवी, हलकी पडू द्या. सूर संपवतानाही बोट उचलून घेऊ नका. दाब सोडा, स्पर्श ठेवा.

पट्टा गुडघ्यापर्यंत सोडला की फोटो झकास येतो, मनगट मात्र काटकोनात वळतं. बसून वाजवताना गिटार जिथे असते, उभं राहिल्यावरही तिथेच राहील एवढा पट्टा आवळा. चला, ज्यांनी बेस आणलाय त्यांनी बाहेर काढा. पट्ट्यापासूनच सुरुवात करू.