आम्ही स्वतः ऐकलं आहे

(दृश्य: सकाळची वेळ. पुणे–दौंड मार्गावरचं केडगाव स्टेशन. गाडी निघून जाते.)

पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की वाटेत केडगाव लागतं. हा सगळा भाग कमी पावसाचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथल्या माळावर एका विधवा बाईंनी जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली आणि ज्यांना कुणी नाही अशा मुलींसाठी घर उभं केलं. त्या म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या कार्याबद्दल आपण शाळेत दोन ओळी वाचलेल्या असतात. त्यांच्या हातातल्या पुस्तकाबद्दल मात्र सहसा कुणी बोलत नाही. आज त्याविषयीच बोलू.

पवित्र शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, भरवसा ठेवा, हे आम्ही ख्रिस्ती घरांत लहानपणापासून ऐकतो. पण ठेवायचा कसा? माझ्या मनातला हा प्रश्न रमाबाईंचं आयुष्य वाचताना थोडा सुटला, म्हणून ही गोष्ट त्यांच्यापासून सुरू करतो.

(दृश्य: जुनी पोथी, उलगडणारी पानं.)

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकांनी संस्कृत शिकू नये असं मानणाऱ्या काळात त्यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं, आणि पुढे आईने ते मुलीला शिकवलं. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणं वाचत फिरायचं. लोक येऊन बसत, ऐकत, पुढ्यात फुलं-पैसे ठेवत. शब्द संस्कृतातले, आणि बहुतेक श्रोत्यांना ते कळत नसत. पुढे रमाबाईंनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. मला वाटतं, पुढच्या साऱ्या कामाचं बीज इथे आहे. पवित्र म्हणून ऐकलेले, पण अर्थ न कळलेले शब्द त्यांनी जवळून पाहिले होते.

दुष्काळाने आई-वडील नेले. भावाबरोबर पायी हिंडत त्या 1878 साली कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भाऊही गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, आणि सिल्चरच्या घरात पुस्तकं चाळताना एक छोटी पुस्तिका हाती आली: बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, बंगालीतलं. ती वाचून त्यांना ओढ लागली. पण 1882 साली पतीही गेले. मांडीवर लहानगी मनोरमा होती.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटिज गावातल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. त्या भगिनींनी रमाबाईंना लंडनमधल्या फुलहॅमला पाठवलं. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी तिथे त्यांचं काम चालायचं. अशा बायकांशी इतक्या मायेने वागणारी माणसं रमाबाईंनी कधी पाहिली नव्हती. तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तर म्हणून एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला.

(दृश्य: विहीर, रहाट, भर दुपार.)

हा अध्याय जरा सावकाश पाहू. दुपारची वेळ. शोमरोनातली एक बाई एकटीच पाण्याला येते. विहिरीवर बसलेला येशू तिच्याकडे पाणी मागतो. यहूदी लोक शोमरोनी लोकांशी संबंध ठेवत नसत, त्यामुळे यहूदी माणसाने शोमरोनी बाईकडे पाणी मागायचं, ही त्या काळी धक्कादायक गोष्ट. बोलणं वाढत जातं. शेवटी ती घागर तिथेच टाकून गावात धावते आणि सगळ्यांना बोलावून आणते. येशू दोन दिवस त्या गावात राहतो. मग गावकरी तिला म्हणतात की आता आमचा विश्वास तुझ्या सांगण्यावरून नाही. आम्ही स्वतः ऐकलं आहे.

या बेचाळिसाव्या ओवीपाशी मी नेहमी थांबतो. त्या बाईचं सांगणं खोटं नव्हतं, तिच्यामुळेच तर ते विहिरीपाशी आले. पण तिच्या शब्दावर ते थांबले नाहीत.

रमाबाईही थांबल्या नाहीत. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि खरा झगडा त्यानंतर सुरू झाला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्र्यैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना. चर्च सांगतं म्हणून माना, असं शिक्षिका सांगत. रमाबाईंनी पत्रातून कळवलं की भारतातल्या पुरोहितांचं जू मी मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचं तसंच जू मानेवर घेणार नाही. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपलं संस्कृत का नको, हाही त्यांचा सवाल होता. काहींना हा हट्टीपणा वाटला. मला यात शास्त्राविषयीचा गाढ आदर दिसतो. जे आयुष्यभर वाट दाखवणार, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला नको?

वाचत राहिल्यामुळेच त्या पुढे सरकल्या. 1907 सालच्या आपल्या साक्षीत त्या कबूल करतात की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षं लागली. आधी त्या पुस्तकाला प्रश्न विचारत होत्या, मग ते पुस्तक त्यांना प्रश्न विचारू लागलं.

(दृश्य: उपासनेनंतर चर्चबाहेर रेंगाळणारी माणसं. कुणाच्या हातात वचनाचं कार्ड.)

आमच्या चर्चच्या मंडळ्यांत वर्षअखेरच्या रात्री वचनाची, म्हणजे बायबलमधली एकेक ओळ लिहिलेली, कार्डं काढतात. कुणाच्या वाट्याला यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय येतो: “तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो.” कार्ड कपाटाला चिकटवलं जातं. परीक्षा, नोकरी, लग्न, सगळ्याला तेच वचन. यात वाईट काही नाही. माझ्या आईच्या कपाटावरही होतं. पण एकदा अख्खा अध्याय वाचून पाहा. बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेलं ते पत्र आहे. वचनाच्या अगदी आधी लिहिलंय की सुटका सत्तर वर्षांनी होईल. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण ती बघायला जिवंत राहणार नव्हते. मग तोवर काय करायचं? घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. कार्डावर मावत नाही तो भाग हा. आणि रोजच्या जगण्यात हाताला काम देतो तोही हाच.

केडगावात हेच घडलं. रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदन या शाळेसाठी अमेरिकेतल्या स्नेह्यांनी दहा वर्षांचं आश्वासन दिलं होतं. ती मुदत 1898 मध्ये संपत आली, आणि त्याच सुमाराला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. हिशेब पाहणाऱ्या कुणीही हात आखडता घेतला असता. रमाबाई मात्र दुष्काळी भागात गेल्या आणि 300 मुली आणायचं ठरवलं. याकोबाच्या पत्रात अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घ्यायला सांगितलं आहे. रमाबाई स्वतः अनाथही होत्या आणि विधवाही. त्यांच्यासाठी हे वचन आज्ञा होण्याआधी आपबीती होतं. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या. आंधळ्या मुलींसाठी बार्तीमी सदन झालं. तिथे बोटांनी वाचायला शिकवत.

(दृश्य: जुना छापखाना. लाकडी खणांतले शिशाचे खिळे.)

मराठीत बायबल तेव्हा नव्हतं असं नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम कॅरी यांनी 1811 साली नवा करार छापला होता. पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनी संपूर्ण बायबल आणलं. पण रमाबाईंना त्यातली भाषा खेड्यातल्या बायकांसाठी जड वाटली. पुराणाला बसलेले, न कळता ऐकणारे ते श्रोते त्यांना आठवले असतील का? मला तरी तसं वाटतं. त्या हिब्रू शिकल्या, ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर करायला बसल्या. शेकडो मुलींचा संसार सांभाळत हे काम कैक वर्षं चाललं. मंडळ्यांत नंतरही बायबल सोसायटीचीच आवृत्ती वाचली जात राहिली, आणि रमाबाईंचं भाषांतर आज फार थोड्या घरांत सापडतं. याची मला खंत आहे.

जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. आईचं काम पुढे नेणारी एकुलती एक मुलगी. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. या दुःखातही त्यांनी ते काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. 1924 साली संपूर्ण बायबल बाहेर पडलं. छपाई मुक्तीच्याच, म्हणजे रमाबाईंच्या केडगावच्या संस्थेच्याच, छापखान्यात झाली. जुळारी बायका, छापणाऱ्या बायका, पानं शिवून पुस्तक बांधणाऱ्याही बायकाच. यांतल्या कितीतरी जणी केडगावला आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती.

शिशाच्या खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. एकेक खिळा खणातून उचलायचा, ओळीत बसवायचा, मग पुढचा. योहानाचा चौथा अध्यायही असाच जुळवला गेला असणार. भर दुपारी एकटीच पाण्याला आलेली ती बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा तो. ती ओळ जुळवताना दुष्काळातून आलेल्या कुठल्या मुलीचा हात क्षणभर थांबला असेल, आणि तिने ती पुन्हा पहिल्यापासून वाचली असेल.

(दृश्य: रिकामा छापखाना. खिडकीतून येणारा उजेड.)