गठ्ठा

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय शिक्षकांच्या थकव्याबद्दल. रविवारभर झोपूनही सोमवारी न उतरणारा थकवा. 2019मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच्या खुणा सांगितल्या: अंगातलं त्राण जातं, कामाचा वीट येतो, आपल्या हातून काही होत नाही असं वाटतं. हा आजार नव्हे, कामातून येणारी अवस्था, असंही म्हटलं. बरं, आता गोष्ट.

मी घाटकोपरच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होते. आमच्या गणिताच्या बाई आणि मी संध्याकाळच्या डोंबिवली स्लोने परतायचो. लेडीज डब्यात कुणी मेथी निवडतंय, कुणी मटार सोलतंय. बाई मात्र चौथ्या सीटवर अर्ध्या टेकून मांडीवर घटक चाचणीचा गठ्ठा तपासायच्या. बासष्ट पेपर. मटारवाल्या काकू बेरजा करून द्यायच्या.

एकदा मुंब्र्याच्या पुढे बाईंचा डोळा लागला. लाल पेन हातातच. तेवढ्यात टीसी आल्या, म्हणाल्या, "पास?" बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "कसा करू? तीन मार्क कमी पडतायत."

डबा हसून हसून लोळला. टीसीसुद्धा. बाईही हसल्या, आणि हसताहसता रडायलाच लागल्या. कोपर येईपर्यंत थांबेनात. काकूंनी मटारचा डबा बाजूला ठेवून गठ्ठा स्वतःच्या पिशवीत टाकला. मी समोर बसले होते. बाईंचे ऑफ तास, म्हणजे मोकळे तास, काढून त्यात बदली तास, म्हणजे गैरहजर शिक्षकांचे वर्ग, लावणारी मीच होते.

दुसऱ्या दिवसापासून एवढंच केलं: चाचणीच्या आठवड्यात प्रत्येकाचे दोन ऑफ तास राखीव. त्यात बदली तास नाही, म्हणजे नाही. आणि गठ्ठा घरी न्यायचा नाही. पुन्हा सांगते, गठ्ठा घरी न्यायचा नाही. शिक्षण हक्क कायद्यात आठवड्याला किमान 45 तास आहेत, पण तयारी धरून. जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला शिक्षकांना जुंपता येत नाही, हेही त्यातच आहे. आता निवडणुका आपल्याकडे संपतात कधी, ते सोडा.

परवा त्या बाई गाडीत भेटल्या. मांडीवर मटार. म्हटलं, "गठ्ठा?"

"कपाटात. किल्ली शिपाईमामांकडे. घ्या, सोला."

नमस्कार.