मुद्रा हेराची नसते

मंडळी, आधी एक कबुली देतो. मागच्या दिवाळीत मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक पत्र आलं. माझ्या नावाचं पार्सल अडकलंय, चौकशी चाललीय, फोन ठेवायचा नाही. पलीकडं हिंदीत दरडावणारा माणूस, आणि पत्राच्या माथ्यावर गोल शिक्का, मधे सिंह, भोवतीनं 'गुप्तचर' असं काहीबाही. वीस मिनिटं घाम पुसत बसलो की! सुटलो ते बायकोमुळं. तिची नोकरी तालुका कचेरीत शिक्के मारण्यात गेलेली. चष्मा लावून तिनं पत्र मोठं केलं आणि म्हणाली, "अहो, सिंहांखाली सत्यमेव जयते कुठाय?" नव्हतंच. त्या अक्षरांशिवाय राजमुद्रा पुरी होत नाही, असा २००७ चा नियमच आहे. अर्थात, पुढचा भामटा अक्षरंही घालील म्हणा.

तेव्हापासून हेरखात्यांचे शिक्के बघायचा नाद लागला. अमेरिकेच्या सीआयएची मुद्रा राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी १९५० साली मंजूर केली. वर गरुडाचं डोकं, खाली पांढरी ढाल, तिच्यावर सोळा टोकांचं लाल दिशाचक्र. सगळ्या दिशांची खबर एका बिंदूत येते, असा त्याचा अर्थ. निळ्या झेंड्यावरही हीच मुद्रा. त्यांच्याच एनएसए या दुसऱ्या, संदेश चोरून ऐकणाऱ्या हेरखात्याचा गरुड पंजात किल्ली धरून बसलाय. खातं १९५२ चं, ही मुद्रा १९६५ ची. सोव्हिएत केजीबीची ढाल-तलवार. आणि २०१३ साली एका अमेरिकी हेर-उपग्रहाच्या मोहिमेसाठी जे चिन्ह काढलं, त्यात चक्क पृथ्वीला विळखा घातलेला ऑक्टोपस! खाली लिहिलेलं, आमच्या आवाक्याबाहेर काही नाही. धमकीचा एवढा हौशी नमुना मी दुसरा पाहिला नाही.

मला विचाराल तर या धंद्याला आपल्या कर्नाटकाच्या राजचिन्हातला गंडभेरुंड शोभला असता. दोन डोकी, दोन्हीकडं नजर. सरकारी कागदावर रोज बघतो, पण निरखून कोण बघतंय? (झेंड्यांचं मी जास्त बोलत नाही. बेळगावात झेंडा म्हटला की समोरचा कुठला रंग ते आधी विचारतो.)

आपल्याकडं रॉ १९६८ साली निघाली, कॅबिनेट सचिवालयाच्या अखत्यारीत. तिचं संकेतस्थळसुद्धा नाही. मोबाइलवर रॉचं म्हणून जी चित्रं फिरतात, त्यांवर भिस्त ठेवू नका. लपायचं त्यानं शिक्का मिरवायचा कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण मुद्रा हेराची नसतेच, ती कचेरीची असते. ती शत्रूसाठी नाही, घरच्यांसाठी काढलेली असते: पैसे मंजूर करणाऱ्यांसाठी, शेजारच्या खात्यासाठी. हेराच्या झोळीत शिक्का सापडला तर बिचाऱ्याचं कामच संपलं.

शिवकाळातली पत्रं बघा. माथ्यावर 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही मुद्रा, आणि मजकूर संपला तिथं मोर्तब, 'मर्यादेयं विराजते'. म्हणजे लेखनाची सीमा इथं झाली, याखाली कुणी ओळ घुसडायची नाही. 'शिक्कामोर्तब' आपण सहज बोलून जातो, पण त्यातलं मोर्तब म्हणजे हे.

माझ्या त्या पत्राखाली बोटभर जागा कोरी होती. पाच मिनिटांनी तेच पत्र पुन्हा आलं, त्या कोऱ्या जागेत बँकेचा खाते क्रमांक घालून.