रेकॉर्डर: फुंक आणि डावा अंगठा

श्रोतेहो, नमस्कार. रेकॉर्डर म्हणजे युरोपातली उभी धरून वाजवायची बासरी. जर्मनीत तिला ब्लॉकफ्लोटे आणि वाजवणाऱ्याला ब्लॉकफ्लोटिस्ट म्हणतात. आपण रेकॉर्डरवादक म्हणूया. जर्मन संगीतकार बाखच्या १७२१ सालच्या 'ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो' या वाद्यरचनांपैकी दुसऱ्या आणि चौथ्यात हे वाद्य आहे. तेव्हा हिला शाळकरी खेळणं समजू नका.

हिच्या तोंडात एक ठोकळा बसवलेला असतो. त्याच्या वरच्या अरुंद फटीतून फुंक थेट समोरच्या धारेवर जाते, म्हणून पहिल्याच फुंकेला आवाज निघतो. पण आडव्या बासरीसारखा ओठ वळवून स्वर सावरता येत नाही. जोरात फुंकलं की स्वर चढतो, हळू फुंकलं की उतरतो. त्यामुळे फुंक मंद आणि एकसारखी हवी. प्रत्येक स्वराची सुरुवात जिभेने, 'तु' किंवा 'दु' म्हटल्यासारखी.

डावा हात वर, उजवा खाली. छिद्रं बोटांच्या टोकांनी नव्हे, पेराच्या मऊ गादीने झाका. पुढे सात, मागे एक. खालचा सा घेताना किंचाळी आली, तर एखादं छिद्र किंचित उघडं राहिलंय असं समजा. बहुतेकदा दोषी असते उजव्या हाताची करंगळी किंवा अनामिका.

खरी परीक्षा मागच्या छिद्राची. वरच्या सप्तकासाठी ते अर्धं उघडायचं नसतं. अंगठा पेरात वाकवून नखाच्या कडेशी अगदी बारीक फट ठेवायची. फट मोठी झाली की वरचे स्वर फाटतात किंवा लागतच नाहीत. आरशात पाहून एवढीच हालचाल रोज करा. नख मात्र आखूडच हवं.

विकत घेताना बरोक बोटरचनेचं, म्हणजे बोटं ठेवण्याच्या बरोक पद्धतीचं, सोप्रानो, म्हणजे उंच स्वराचं छोटं रेकॉर्डर घ्या. त्यात वरून पाचवं छिद्र चौथ्यापेक्षा मोठं असतं. जर्मन रचनेत उलट. जर्मन रचनेत एक स्वर सोपा होतो खरा, पण त्याच्या शेजारचा तीव्र स्वर बेसूर लागतो. शिकायला प्लास्टिकचं पुरतं. लाकडी नवं असेल, तर पहिले काही आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटंच वाजवा, नाहीतर ओल शोषून लाकूड तडकू शकतं.

वाजवता वाजवता आवाज घोगरा झाला, तर फटीत दव साचलंय. धारेजवळची खिडकी बोटाने हलकेच झाका आणि जोरात फुंका. वाजवण्याआधी वरचा भाग हातात धरून कोमट केला, तर हा त्रास कमी होतो.